घासलेली तलवार

७ जानेवारी १९६२, रविवार

शाळेची मास्तरीण पंचफुला म्हणते, मनातलं लिहून ठेवलं की मन हलकं होतं. आमच्या तांड्यातच खोली घेऊन राहते, शाळा सुटली की बायांना अक्षरं शिकवते. मी तिला सांगितलं, माय, या वयात मी अक्षरं काढली तर ती पण माझ्यासारखी वाकडी चालतील. तू काढ, मी बोलते. ती हसली आणि वही घेऊन आली. माझं बोलणं ती थोडं सरळ करून लिहिते. बाकीच्यांचं मात्र जसंच्या तसं ठेव म्हणून बजावलं आहे. हंसी बोलते तशीच दिसली पाहिजे.

आमच्या मालकांचं नाव मी कधी घेतलेलं नाही आणि आता घेणार नाही. ते मास्तरणीनं माझ्या नातवाला, अमरसिंगला, विचारून लिहावं. (धावजी नायक.)

पहिल्याच दिवशी तिचं नुकसान केलं. तिच्या भावानं दिलेला पितळी तांब्या काळा पडला होता, मी घासून दिला. लखलखीत झाला. पण तिचं तोंड उतरलं. म्हणाली, आजी, त्याच्यावर माझं नाव कोरलेलं होतं, ते पुसट झालं. मला काय माहीत? मी मळ समजून जोर लावला.

आमचे मालक पण हेच म्हणायचे. "सोनीच्या हाती देवाचा टाक देऊ नका रे, पुढच्या दसऱ्याले देवाले नाक राहणार नाही." मी म्हणायची, नाक नसलं तरी चालेल, देव स्वच्छ पाहिजे.

मळ मला बघवत नाही. हंसीचं घर बघवत नाही, ते त्यामुळेच. दुसरं काही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. हंसी तीळगूळ घेऊन आली. मास्तरणीसाठी सांगते, हंसाबाई माझी सवत. मालकांनी ती आणली तेव्हा माझं लेकरू अंगावर पीत होतं. आता दोघी विधवा, दोघींचे केस पिकले. तिचे कमी पिकले. काम कमी केलं की केस कमी पिकतात.

तिच्यामागून तिचा मुलगा पूनमसिंग आला. ट्रक चालवतो, नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जातो येतो, त्यामुळे जगातलं सगळं त्याला कळतं. मला तो मोठी याडी म्हणतो, म्हणजे मोठी आई. म्हणाला, "मोठी याडी, नागपूरचे किसनराव म्हणून प्रोफेसर हायेत. जुन्या हत्याराचे जाणकार. पांढरकवड्याले भेटले. आपली तलवार पाहायले येऊन राह्यले."

"आपली म्हणजे कोणाची?" मी विचारलं.

"आमच्या घरची."

आता तलवारीचं सांगायला पाहिजे. मालकांचे आजे लदेणीवर होते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून फौजांना पोचवायचे. एका सरदारानं खूश होऊन त्यांना तलवार दिली. तेव्हापासून आमच्या घराण्यातला नवरदेव ती खांद्याला लावून मांडवात जातो. तलवार एक होती. मग मालकांनी दोन घरं वेगळी केली आणि काय झालं कोण जाणे, दोन्ही घरांत एकेक तलवार टांगली गेली. मला गोठ्यामागं नेऊन म्हणाले, "असल तुह्याकडं हाय. हंसीले सांगू नोको, तिचं मन दुखन." मी सांगितलं नाही. फक्त वेळोवेळी सुचवलं.

आज पण मी म्हटलं, "पूनम, प्रोफेसरले सांग, असल इकडं हाय. दोन्ही पाहू दे."

हंसी तिळातले खडे निवडत होती. म्हणाली, "हो बाई, असल तुमच्याकडंच हाय. कायले त्या मानसाले बोलावता? आपलं आपल्याले माहीत हाय ना."

बघा, कशी बोलते! तोंडानं "तुमच्याकडंच", आणि पोटात भलतंच. दाखवायची भीती नसती तर बोलावू नका कशाला म्हणाली असती?

२१ जानेवारी

अमरसिंगचं लग्न चैत्रात ठरलं. मुलगी उमरखेडकडची. तिकडच्या बाया गाण्यातून टोमणे मारण्यात पक्क्या आहेत. नवरदेव नकली तलवार घेऊन आला असं त्यांच्या कानावर गेलं, तर ते गाणं माझ्या पणतवाच्या लग्नापर्यंत पुरेल.

पण मास्तरीण, तुला खरं सांगते. गाण्याचं एवढं नाही. मालक एकीशी खोटं बोलले. दोन्ही तलवारी असल असू शकत नाहीत. कोणाशी खोटं बोलले, एवढं मला मरण्याआधी कळलं पाहिजे. ते चहा तिच्याकडं प्यायचे, मी काही म्हटलं नाही. जत्रेहून तिला कानाजवळ केसांत लोंबवायच्या चांदीच्या मोठ्या घुगऱ्या आणल्या, मला लहान, तेव्हा पण काही म्हटलं नाही. (फक्त दोन दिवस जेवले नाही.) पण तलवार माझ्याकडं होती. त्या एका गोष्टीवर मी एवढी वर्षं काढली.

आज विटकरीची पूड आणि राख घेऊन ती पुन्हा घासली. आठवड्यातून एकदा घासतेच. त्यात मला माझं तोंड दिसतं. हंसीच्या तलवारीत काही दिसत नाही, नुसता भुरका मळ.

२८ जानेवारी

नवीनच. येत्या शनिवारी आठ ग्रह एका घरात येणार आणि जग बुडणार म्हणे. पांढरकवड्यात यज्ञ चालू आहे. लोक तूप जाळून राहिले. मला हसू येतं. आठ ग्रह एका घरात शिरले तर एवढा गोंधळ. आमच्या एका घरात दोन बायका होत्या, तेव्हा कोणी चमचाभर तूप जाळलं नाही.

प्रोफेसर जग बुडल्यावर आठ दिवसांनी, रविवारी येणार आहेत. म्हणजे निकाल न कळता मरायचं. माझं नशीबच असं.

४ फेब्रुवारी

काल बुडालं नाही, पण आज-उद्या बुडेल म्हणतात. सगळा तांडा सेवाभायाच्या देवळापाशी भजनाला बसला. हंसी पुढच्या रांगेत. तिचा आवाज अजून चढतो.

मी गुडघ्याचं निमित्त करून उठले.

मास्तरीण, आता सांगते ते लिही. घरी नव्या चिंचेचा कोळ भिजत होता. चिंच पितळेला उजळते आणि लोखंडाला काळं करते, हे कोणत्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. विळ्यावर चिंच चिरून विळा तसाच ठेवला तर काळा ठिक्कर पडतो. मी वाटीभर कोळ पदराआड घेतला आणि हंसीच्या घरात गेले. तिची तलवार भिंतीला होती. म्यान काढलं, फडकं बुडवलं आणि मुठीपासून टोकापर्यंत दोन्ही अंगांनी चिंच चोळली. म्हटलं, पड काळी. प्रोफेसर येईपर्यंत डागाडागाची होऊन बस. तेवढ्यात बाहेर पैंजण वाजले. ओलीच म्यानात खुपसली आणि मागच्या दारानं निघाले. पैंजण हंसीचे नव्हते, पाणी आणणाऱ्या पोरीचे होते.

मास्तरणीची लेखणी थांबली. "आजी, हे लिहू?"

म्हटलं, लिही. उद्या जग बुडणार. वाचायला कोण राहतंय?

६ फेब्रुवारी

जग बुडालं नाही.

मास्तरणीला विचारलं, ते पान फाडता येईल का. म्हणते, पाठीवर आधीचा मजकूर आहे. शिकलेल्या माणसांवर विश्वास ठेवू नये.

११ फेब्रुवारी

किसनराव आले. मला वाटलं होतं, चष्म्यावरून बघणारा कोणी ताठ माणूस असेल. हा तर भला निघाला. वाकून रामराम केला, बाजरीची भाकर मागून खाल्ली. पण तलवार हातात घेतल्यावर त्याला माणसं दिसत नाहीत. आम्ही चहा दिला, त्यानं तो तलवारीकडं बघत गार केला.

पूनमसिंगच्या अंगणात बाज टाकली होती. आधी माझी तलवार. मी स्वतः म्यानातून काढली, ऊन पडलं आणि पोरांनी डोळे मिटले. मी हंसीकडं बघितलं. ती पदर चावत होती.

किसनरावांनी मूठ पेलून पाहिली, पातं बोटांवर तोललं, कडेनं नजर फिरवली. मग म्हणाले, "आजी, फार निगा राखलीत. पण पातं घासून घासून आरसा झालंय. त्याच्या अंगावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. तोल पुढं जड आहे, मूठही मला अलीकडची वाटते. मला ही नवी वाटते. पक्कं मात्र सांगवत नाही."

"नवी?" मी म्हटलं. "तुमच्या जन्माआधीपासून भिंतीले हाय ते!"

"नवी म्हणजे माझ्याएवढी," ते हसले. "मला कोणी पुरातन म्हणत नाही."

सगळे हसले. हंसी हसली नाही.

मग तिची तलवार. पूनमसिंगनं म्यान ओढलं, ते अडकत अडकत निघालं. मी मनात म्हटलं, निघाली बघा काळी.

काळी निघाली. पण कशी, ते मला नीट सांगता येत नाही. पात्यावर मधोमध लाटा उठल्या होत्या. पैनगंगेच्या वाळूवर पाणी उतरल्यावर राहतात तशा, बारीक, एकीत एक गुंतलेल्या, काळ्या आणि रुपेरी. कडेला थोडा तांबूस गंज होता. किसनरावांच्या हातातला कप बाजेवर कलंडला.

"जोहर!" ते म्हणाले. "या लाटा म्हणजे जोहर. जुन्या पोलादाच्या अंगातच असतो, वरून कोणी काढत नाही. वितळवतानाच जन्मतो. वर मळ बसला, किंवा फार घासलं, की झाकून जातो. आणि आंबट लावलं की वर येतो. जुने शिकलगार, हत्यारं उजळणारे, मुद्दाम लावायचे." मग त्यांनी पातं नाकाजवळ नेलं. "चिंचेचा वास येतो. कोणी लावली हल्ली?"

मी माझ्या गुडघ्याकडं बघत होते. दुखतच होता तो, खरंच.

हंसी म्हणाली, "लागली असन. घरात लेकरं हायेत, खाता खाता हात पुसतात."

"ज्यानं पुसले त्यानं उपकार केले," किसनराव म्हणाले. "नाहीतर मी ही म्यानातच परत घातली असती."

मग माझ्याकडं वळले. "आजी, तुमच्या पात्यालाही थोडी चिंच लावून बघू. जोहर असेल तर घासूनही जात नाही, खालून वर येईल. मग पक्कं सांगता येईल."

मी म्हटलं, "माह्या तलवारीले आंबट लावायचं नाही." आणि ती घेऊन घरी आले.

मागे वळून पाहिलं तर हंसी तलवार घेऊन फोटोसाठी उभी होती. एवढी जिंकलेली बाई, पण उभी होती ती दुसऱ्याचं लुगडं नेसून आल्यासारखी. तेवढंही सोंग करता येतं तिला.

१३ फेब्रुवारी

मी माझ्या हातानं तिची खरी करून दिली.

आज एवढंच.

१८ फेब्रुवारी

आठवडा झाला, मी तलवार घासलेली नाही. भिंतीकडं पाठ करून जेवते. चिंचेचं मडकं कोपऱ्यात आहे, त्याच्याकडं पण पाठ करायची म्हटली तर घरात उभं राहायला दिशा उरत नाही. लावली आणि लाटा उठल्या तर? लावली आणि नाही उठल्या तर?

दुपारी हंसी आली. मास्तरीण इथंच होती. हंसी बसली, मूठ उघडली आणि माझ्यापुढं एक चिंचोका ठेवला.

"बाई, म्यानात सापडला."

मी म्हटलं, "लेकरं..."

"लेकरं चिंच खाऊन चिंचोके म्यानात टाकतात व्हय? म्यान कुठं टांगलं होतं? माह्यापेक्षा वर." मग ती हसायला लागली. हसते तेव्हा तिचं सगळं अंग हसतं, ते मला कधी आवडलं नाही. "त्या दिवशी भजनात पाह्यलं म्या तुम्हाले उठताना. म्हटलं, ज्या बाईचा गुडघा दुखते ते घराकडं जाते. हे माह्या घराकडं काहून चालली?"

"मग किसनरावाले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? असल निघाली म्हणून माहंच डोकं फिरलं होतं. बाई, मले मालक म्हणले होते, असल मोठीकडं हाय. तुही साधी हाय, कायराला गावच्या लोहारानं केलेली. दोन्ही घरात तलवार पाह्यजे म्हणून टांगतो. म्या कधी बोलली नाही. पोराले बी नाही सांगितलं, त्याले लाज वाटली असती. तुम्ही दर सणाले म्हणत, असल माह्याकडं. म्या म्हणत होती ना, हो बाई, तुमच्याकडंच हाय."

मी मास्तरणीकडं पाहिलं. तिनं वही मागं चाळली आणि मान हलवली. म्हणजे संक्रांतीला ती तसंच म्हणाली होती.

"अजून काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, राहू दे भिंतीले. घासू नोको, पुसू नोको, कोणाले देऊ नोको. मले काय, म्या तशीबी घासत नाही." आणि पुन्हा हसली.

मास्तरीण तिच्या तांब्याकडं बघत बसली होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही, आजी."

हंसी उठली, कोपऱ्यातलं मडकं आणलं. "चला. तुमची बी पाहू. निघाल्या लाटा तर दोन असल. मालकानं कुठून तरी आणली असन जोडी."

मला नाही म्हणता आलं असतं. पण तिच्यासमोर भ्याले असं व्हायला नको. तलवार काढली, तिनं चिंच चोळली. चांगली चोळली, मी चोळली होती त्यापेक्षा सावकाश. आम्ही दोघी उन्हात बसलो. बाजूनं कोंबड्या फिरत होत्या. हंसी म्हणाली, "बाई, तुमच्या पात्यात माहं तोंड दिसते. किती म्हातारी झाली वो मी."

मग तोंड दिसेनासं झालं. पातं भुरकट झालं, मग काळवंडलं. विळ्यासारखं. नुसतं, सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळं. लाट एक नाही.

हंसी म्हणाली, "थांबा, अजून थोडा वेळ..."

मी उभी राहिले आणि त्यांचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. धावजी. आता मास्तरीण बिनधास्त लिहू शकते. शिवी द्यावी तसं मोठ्यानं घेतलं, कोंबड्या पळाल्या. हंसीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग हळूच म्हणाली, "बाई, अजून एकदा घ्या ना. मले बी घ्यायचं होतं लय दिवसांपासून."

मी घेतलं नाही. ती दिवस मावळेपर्यंत बसली. भाकरी पण खाऊन गेली. भांडं न घासता.

११ मार्च

खोटं माझ्याशी बोलले, हे ठरलं. तिच्याशी पण बोलले, पण तिला खोटं सांगून खरं दिलं आणि मला खरं सांगून खोटं दिलं. यातलं बरं कोणतं, मास्तरीण सांगत नाही.

कळत नाही ते एकच. तिला असल द्यायची होती, तर चारचौघांत द्यायची. आणि मला द्यायची नव्हती, तर का नव्हती? मी त्यांची कोणती गोष्ट जपली नाही? त्यांच्या कानातले मी एवढे घासायची की नक्षी जाऊन नुसतं सोनं राहिलं होतं. हंसीनं तर त्यांच्या पगडीची धूळ पण कधी झटकली नाही.

हे सांगताना मास्तरणीला खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायला तांब्या उचलला आणि आणखीच खोकली.

लग्न जवळ आलं. तलवार मागायला मी हंसीकडं जाणार नाही. तिनं पण अजून विषय काढलेला नाही. असू दे. खरी तलवार तिची आहे, तिनं तिच्या नातवांसाठी ठेवावी. अमरसिंग काळी घेऊन जाईल. म्हणू दे उमरखेडच्या बायांना काय म्हणायचं ते.

काळी पुन्हा घासून पांढरी केली. ती माझी आहे. निदान तिला घासायला आता कोणाची मनाई नाही.

१५ एप्रिल

लग्नाचा दिवस. अमरसिंग पिवळा होऊन बसला होता, बाया डफावर थाप मारत होत्या, मी त्याच्या खांद्यावर माझी तलवार द्यायला उठले. तेवढ्यात हंसी आली. सणाचे फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, जत्रेच्या मोठ्या घुगऱ्या, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"बाई, तुमच्या हातानं द्या त्याले. मी धाकटी हाय."

म्यान काढलं. लाटा तशाच होत्या. हंसीनं त्यावर बोटभर तेल पण लावलेलं नव्हतं. मुठीखाली मात्र मुगाच्या दाण्याएवढा एक तांबडा डाग पडला होता. गंज. माझ्याच चिंचेचा असेल.

हंसी म्हणाली, "सांजच्या आत परत देजा." मग म्हणाली, "आन् बाई..."

"काय?"

"काई नाही."

आणि ती दारात जाऊन उभी राहिली, डफाकडं तोंड करून. पण तिचा एक कान माझ्याकडं होता, मला तो तिच्या घुगऱ्यांवरून कळला. एकही घुगरी हलत नव्हती.

डाग माझ्या डोळ्यात खुपू लागला. एवढासा. दोन बोटांचं काम. चूल हाताशी होती, राख गार होती. मी चिमूट घेतली. अंगठा डागावर ठेवला आणि का कोण जाणे, एकदम त्यांचा आवाज आठवला. देवाचं नाक राहणार नाही.

अंगठा अजून डागावरच होता. बाहेरून अमरसिंगनं हाक मारली, "दादी, चाल ना!"

राख चुलीत परत टाकली. हात पदराला पुसले, दोनदा. तलवार पोराच्या खांद्याला लावली. दारात हंसीच्या घुगऱ्या वाजायला लागल्या.

संध्याकाळी मास्तरणीनं विचारलं, आजी, आजचं काय लिहू? लग्नाचं सगळं सांगितलं, जेवणाचं, गाण्यांचं. मग म्हटलं, शेवटी एवढं लिही आणि खाली रेघ मार.

डाग तसाच आहे.